उचलत्या पुलाचं हलकं मॉडेल: डेक उचलताना मोटर कुथते, मदत हवी

रेवती_नाशिक

नमस्कार मंडळी. लेक डिप्लोमा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजात मॉडेलची स्पर्धा आहे. विषय उचलता पूल. नियम असे: मधलं अंतर ४० सेमी. खालचा पाट सोडून बाकी सगळं मॉडेल २०० ग्रॅमच्या आत. पूल खाली असताना ५०० ग्रॅमची खेळण्यातली गाडी आरपार गेली पाहिजे. मग डेक, म्हणजे पुलाचा उचलला जाणारा रस्ता, किमान ६० अंश वर गेला पाहिजे आणि बोट न लावता परत खाली आला पाहिजे.

सध्याची अवस्था: आइस्क्रीमच्या काड्यांचा डेक, ४२ सेमी लांब, १० सेमी रुंद, वजन ६० ग्रॅम. बिजागरीपाशी ती निळी छोटी सर्व्हो मोटर (सांगू त्या कोनात फिरणारी), ९ ग्रॅमवाली. बटण दाबलं की डेक चार बोटं उचलतो, थरथरतो आणि आपटतो. लेकीचं म्हणणं, मोठी मोटर घेऊ. बाबांचं म्हणणं, काउंटरवेट लावू, म्हणजे डेक तोलायला मागे वजन. मी दोन्ही बाजूंना चहा पुरवतेय. तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा.

ओव्हरसियर_निवृत्त

ताई, आधी मोटर का कुथते ते पाहू. डेकचं वजन ६० ग्रॅम आणि ते बिजागरीपासून २१ सेमीवर, म्हणजे मध्यावर, आहे असं धरायचं. ६० गुणिले २१ म्हणजे १२६० ग्रॅम-सेमी, सव्वा किलो-सेमीच्या थोडं वर. त्या निळ्या मोटरच्या कागदावर १.८ किलो-सेमी लिहिलेलं असतं. पण तो आकडा मोटर जिथे अडकून थांबते तिथला. त्याच्या निम्म्यावर काम करून घ्यावं, जास्त ओढू नये. शिवाय दात प्लॅस्टिकचे. थरथरणारच.

बिजागरीवर जोर लावायचा नाद सोडा. टोकाला दोरी बांधा, मनोऱ्यावरच्या कप्पीवरून घ्या आणि ओढा. मनोऱ्याचं टोक बिजागरीच्या बरोबर वर असेल तर हिशोब फार सुटसुटीत आहे:

दोरीतला ताण = डेकचं वजन × दोरीची लांबी ÷ (२ × मनोऱ्याची उंची)

लांबी म्हणजे कप्पीपासून डेकच्या टोकापर्यंतची, त्या क्षणाची. कोन, साइन, कोसाइन काही लागत नाही, सगळं आपसात कटतं.

मनोरा ३० सेमी धरा. पूल आडवा असताना दोरी ५१.६ सेमी, ताण ५१.६ ग्रॅम. (६० ÷ ६० = १, म्हणून तुमच्या बाबतीत ताणाचे ग्रॅम आणि दोरीचे सेंटीमीटर सारखेच आले. योगायोग.) ६० अंशांवर दोरी २२ सेमी उरते, ताण २२ ग्रॅम. सगळ्यात जास्त जोर अगदी सुरुवातीला लागतो. तुमची मोटर तिथेच मार खाते.

पोलादी_पोहे

म्हणजे मनोरा जितका उंच तितका ताण कमी? मग एक मीटरचा करा की, प्रश्न मिटला.

ओव्हरसियर_निवृत्त

पोहेसाहेब, मनोरा आभाळाला नेला तरी सुरुवातीचा ताण ३० ग्रॅमच्या खाली जायचा नाही. डेकचं निम्मं वजन दोरीवर येणारच. ३० चा मनोरा ४२ केला तर ताण ५२ वरून ४२ वर येतो. दहा ग्रॅम वाचले, पण दोन्ही खांब १२ सेमीने वाढले आणि तेवढेच जास्त डुलायला लागले. उलट मनोरा १५ ला आणला तर ताण ८९ होतो. ३० च्या आसपास राहा.

वर्कशॉपवाला

ओव्हरसियरकाकांचा हिशोब बरोबर, पण कप्पीवर घर्षणच नाही असं धरून. हाताने करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली, कप्पी म्हणून नुसती आडवी काडी लावू नका. सगळी पोरं तेच करतात. दोरी टोकाकडून तिरकी वर येते आणि मागे सरळ खाली उतरते, म्हणजे काडीला सव्वाशे अंशांचा वेढा. घर्षणांक ०.३ धरला तर ५२ ग्रॅमचे मागच्या बाजूला जवळजवळ १०० होतात. दुप्पट! फिरणारी कप्पीच हवी. बिघडलेल्या कॅसेट प्लेअरमधली किंवा खेळण्यातल्या गाडीचं चाक खाच पाडून. आस म्हणून सायकलच्या स्पोकचा तुकडा.

दुसरी, बिजागरी. दारं-खिडक्यांची लोखंडी बिजागरी वापरून लोक दहा-पंधरा ग्रॅम वाया घालवतात. स्पोक ज्यात सैल फिरेल अशी नळी घ्यायची, जाडसर रिफिलची चालते. तिचे दोन-दोन सेमीचे तुकडे कापा. एक तुकडा डेकला, पुढचा पाटावरच्या पट्टीला, पुन्हा डेकला, असे आलटूनपालटून चिकटवा. चिकटवताना स्पोक आतच ठेवा म्हणजे सगळे तुकडे एका रेषेत राहतात. त्याला तेलाचं बोट लावून ठेवा, नाहीतर तोही आत चिकटून बसतो. फेविकॉल वाळल्यावर स्पोक ओढून बघा. बोटांच्या चिमटीत सहज निघाला तर बिजागरी सरळ. अडला तर तो तुकडा उखडून परत लावा, कानस मारत बसू नका.

आणि एक. फेविकॉल ओला असताना डेकचं वजन करू नका. रात्रभर वाळू द्या, आकडा आपोआप खाली येतो.

डच_पुणेकर

ॲमस्टरडॅमहून. इथे कालव्यांवर असले पूल पावलोपावली आहेत. माखरे ब्रुख हा पर्यटकांचा लाडका, सध्याचा १९३४ सालचा. दोन्ही बाजूंनी उघडतो. या डच पुलांना मनोऱ्यावर एक लांब तुळई असते, मध्ये टेकलेली. तिचं पुढचं टोक डेकला साखळीने बांधलेलं, मागच्या टोकाला वजन. तुळई आणि डेक कायम एकमेकांना समांतर राहतात. त्यामुळे डेकचा भार जसजसा कमी होतो तसतसा मागच्या वजनाचाही होतो, अगदी त्याच प्रमाणात. कुठल्याही कोनात पूल तरंगतो. पूर्वी एकटा माणूस दोरी ओढून उघडायचा.

रेवतीताई, हेच करा. दिसायलाही सुरेख.

रेवती_नाशिक

दिसायला सुरेख म्हटल्यावर लेक खूश! पण काका, साध्या दोरीला मागे ५२ ग्रॅमचं वजन टांगलं तर नाही का चालणार? बाबांचा तोच आग्रह आहे.

ओव्हरसियर_निवृत्त

नाही. पूल सुटताना ५२ लागतात, ६० अंशांवर २२ च लागतात. ५२ चं वजन टांगलंत तर एकदा हलला की डेक वेग घेत जाऊन मनोऱ्यावर आदळेल आणि खाली यायचं नाव घेणार नाही. २२ चं टांगलंत तर मोटरला सुरुवातीला ३० ग्रॅम ओढावे लागतील. ते चालेल, पण मग काउंटरवेटचा अर्धा फायदा गेला.

हा प्रश्न जुना आहे बरं. १६९५ साली लोपिताल या फ्रेंच गणितज्ञाने यावरच लेख लिहिला होता: काउंटरवेट कोणत्या वक्रावरून घसरत गेलं तर पूल प्रत्येक कोनात समतोल राहील? बेलिदोरच्या १७२९ च्या अभियांत्रिकीच्या ग्रंथात तसा वक्र मार्ग असलेला पूल आहे. नंतर पाँसले आला, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीत कैद झालेला गणिती. त्याने वक्रबिक्र काढून टाकला आणि जाड साखळीच काउंटरवेट म्हणून वापरली. पूल वर जाईल तसा साखळीचा भार कमी होत जातो.

वरचं सूत्र पुन्हा बघा. ताण दोरीच्या लांबीच्या सरळ प्रमाणात उतरतो. पाटावर गोळा होत जाणाऱ्या साखळीचं लोंबतं वजनही तसंच उतरतं. म्हणजे साखळी हा इथे जुगाड नाही, बिनचूक उत्तर आहे. दर सेंटीमीटरला किती वजन हवं? डेकचं वजन भागिले मनोऱ्याच्या उंचीची दुप्पट. तुमच्यासाठी एक ग्रॅम.

पोलादी_पोहे

काका, साखळी लोंबायला ५२ सेमी खोली हवी आणि मनोरा ३० चा. पाटाला भोक पाडणार का?

ओव्हरसियर_निवृत्त

रास्त शंका. सगळी ५२ सेमी साखळी घ्यायची गरज नाही. पूल ६० अंशांवर जाईपर्यंत दोरी ५१.६ वरून २२ वर येते, म्हणजे मागचं टोक ३० सेमीच खाली उतरतं. तेव्हा ३० सेमी साखळी, तिच्या वरच्या टोकाला २२ ग्रॅमचं कायमचं वजन. सुरुवातीला साखळीचं खालचं टोक पाटाला जेमतेम टेकलेलं. शेवटी साखळी सगळी पाटावर, आणि वर उरलेलं वजन बरोबर २२.

खंदकफिर्या

अवांतर: मॉडेलला किल्ल्याचा दरवाजा करणार असाल तर कृपया रायगड-राजगड नको. डोंगरी किल्ल्याला कडाच पुरतो, तिथे उचलता पूल कशाला? दरवर्षी दिवाळीत सोसायटीच्या मातीच्या किल्ल्यांवर पुठ्ठ्याचा पूल बघून माझा रक्तदाब वाढतो. उचलता पूल शोभतो तो खंदकवाल्या भुईकोटाला. नगरचा किल्ला घ्या. खंदक आहे, एके काळी उचलता पूल होता, आता झुलता आहे.

वर्कशॉपवाला

मुलांना माती कालवू द्या हो, रायगडावर पूल आला तर येऊ दे.

साखळीबद्दल. सेंटीमीटरला एक ग्रॅम, आणि दोन बाजूंना दोन दोऱ्या, म्हणजे प्रत्येकी अर्धा ग्रॅम. एवढी बारीक साखळी शोधत फिरण्यापेक्षा दोऱ्यात बारीक नट ओवा आणि प्रत्येकाला गाठ मारा. मूठभर नट एकदम काट्यावर ठेवून एकाचं वजन काढा, त्यावरून दोन नटांमधलं अंतर ठरवा. नट मोकळे ठेवले तर सगळे खाली घसरून एका जागी बसतील आणि साखळीचा उद्देशच संपेल. दोरा पॉलिस्टरचा घ्या. तंगूस ताणतो आणि त्याची गुंडाळी मनासारखी बसत नाही.

डच_पुणेकर

तुळईला कोणी काहीच म्हटलं नाही?

ओव्हरसियर_निवृत्त

तुळई उत्तमच. पण हिशोब करू. मागची भुजा २१ सेमी ठेवली तर वजन ६० ग्रॅम. भुजा १४ केली तर ९०. शिवाय तुळईचं स्वतःचं वजन, आणि तिची पुढची भुजा तोलायला आणखी थोडं. साखळीवाल्यात ५२ मध्ये भागतं. काउंटरवेट २०० ग्रॅममध्ये धरणार असतील तर हा फरक मोठा आहे. ताई, नियम नीट विचारून घ्या.

तुळईची खरी सोय अशी की पाटावर काही गोळा होत नाही आणि एका नजरेत यंत्र कळतं. परीक्षकांपुढे त्याचे गुण मिळू शकतात.

रेवती_नाशिक

विचारलं. काउंटरवेट आणि मोटर दोन्ही २०० ग्रॅममध्ये. बॅटरी बाहेर चालेल.

लेकीने साखळी निवडली. मोटर आता ती खेळण्यांतली पिवळी, गिअरवाली बीओ मोटर, साधारण ३० ग्रॅम, चरखीला दोरा. आता चाचणी कशी घ्यायची? सामान तोलायचा काटा आहे, पण तो ५० ग्रॅमला हूं की चूं करत नाही.

वर्कशॉपवाला

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, एक ग्रॅमवाला. मनोऱ्यामागे, कप्पीच्या बरोबर खाली ठेवा. त्यावर अर्धा किलो साखरेची पुडी. दोरीचं मागचं टोक पुडीला बांधा, दोरी ताठ. काटा ५०० ऐवजी जेवढं कमी दाखवेल तेवढा दोरीतला ताण. ४४८ दाखवलं तर ताण ५२.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक कोनात दोन मापं घ्या. एक डेक खालून सावकाश वर येत त्या कोनाला थांबेल तेव्हा, एक वरून खाली येत थांबेल तेव्हा. दोन आकडे वेगळे येतील. त्यांची सरासरी हा खरा ताण, आणि फरकाचा निम्मा हे तुमच्या कप्पी-बिजागरीचं घर्षण. घर्षण ताणाच्या पाचव्या हिश्शाच्या वर निघालं तर मोटर-बिटर बाजूला ठेवा आणि कप्पी दुरुस्त करा.

कोन मोजायला मोबाइल डेकवर ठेवायचा मोह आवरा. दोनशे ग्रॅमचा फोन ६० ग्रॅमच्या डेकवर! बिजागरीमागे पुठ्ठ्याचं मोठं कोनमापक चिकटवा, डेकच्या कडेने वाचा.

रेवती_नाशिक

घेतली मापं! साखरेच्या पुडीला घरात आता मान आलाय. कंसात वर जाताना / खाली येताना:

आडवा (५८ / ४६)
३० अंश (४३ / ३४)
६० अंश (२५ / १९)

सरासरी काकांच्या आकड्यांच्या अगदी जवळ आली, लेकीचा विश्वासच बसेना. नटांची माळ आणि २२ ग्रॅम लावले. डेक आता जिथे सोडू तिथे थांबतो. कौतुकाने बघत बसलो. मग लक्षात आलं की मोटरने दोरा सोडला तरी तो खाली येतच नाही.

ओव्हरसियर_निवृत्त

शाब्बास मुली. आता समतोल थोडा बिघडवा. उतरताना घर्षण डेकला अडवतं. आडवं होताना डेककडे ओढायला ४६ च उरतात आणि मागे ५२ लोंबताहेत, कसा येईल खाली? काउंटरवेट सगळीकडे दहा ग्रॅमने हलकं करा: वरचं वजन २२ ऐवजी १२, माळ तीच. मग खाली ४६ विरुद्ध ४२, वर १९ विरुद्ध १२. दोन्हीकडे डेक जड, म्हणजे आपणहून उतरेल. उचलताना मोटरला खाली ५८ वजा ४२ म्हणजे १६ ग्रॅम, वर २५ वजा १२ म्हणजे १३. चरखीची त्रिज्या १ सेमी धरली तर १६ ग्रॅम-सेमी. आधी १२६० लागत होते.

खऱ्या पुलांतही डेकची बाजू मुद्दाम थोडी जड ठेवतात. आणि पूर्ण ९० अंशांवर नेत नाहीत. लंडनच्या टॉवर ब्रिजचा एकेक पंखा, म्हणजे उचलला जाणारा अर्धा डेक, हजार टनांच्या वर, तो ८६ अंशांपर्यंतच उठतो. बरोबर उभा केला तर वजनाला खाली ओढायला भुजाच उरत नाही. तुम्हाला ६० पुरे, ७० च्या वर जाऊ नका.

पोलादी_पोहे

आपल्याकडचा पांबन, रामेश्वरचा रेल्वे पूल, विसरलात काय? जुना १९१४ चा, शेर्झर पद्धतीचा. दोन पंखे मागे गोल गडगडत उघडायचे, माणसं हाताने लिव्हर फिरवायची. १९६४ च्या वादळात बाकी पूल मोडला पण तो उघडता गाळा (दोन खांबांमधला भाग) तगला. रेल्वेचे इंजिनिअर श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल उभा केला तो हाच. आता शेजारी नवा झालाय, एप्रिल २०२५ पासून. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा आडवाच्या आडवा १७ मीटर वर जातो. तो केला असता तर कोनाची भानगडच नव्हती.

वर्कशॉपवाला

भानगड नाही कशी? चारही कोपरे एकसारखे उचलले नाहीत तर गाळा तिरका होऊन खांबात अडकतो. पोरांच्या मॉडेलात हमखास. बिजागरीचा पूलच बरा.

ताई, गाडीची चाचणी घेताना एक बघा. पूल खाली असताना मोटरचा दोरा ताठ नको, दोन-तीन मिलिमीटर सैल हवा. चरखी अडकलेली आणि दोरा ताठ असेल तर गाडी मध्यावर आल्यावर तिचा भार पलीकडच्या टेकूवर न जाता दोऱ्यावर येतो. ५०० ग्रॅमची गाडी मध्यावर म्हणजे दोऱ्यात ४३० ग्रॅम. मनोरा पुढे वाकतो आणि सगळे म्हणतात डेक कमजोर होता.

ओव्हरसियर_निवृत्त

आणि तो डेक मुळात फार मजबूत आहे. गाडी मध्यावर असताना वाकवणारा जोर ५००० ग्रॅम-सेमी, दोन बाजूंच्या कैच्यांना (काड्यांच्या त्रिकोणी जाळीच्या चौकटींना) प्रत्येकी २५००. कैची ४ सेमी उंच ठेवली तर वरच्या-खालच्या काडीत जेमतेम ६२५ ग्रॅम. बांबूची ३ मिमीची काडी तेवढं सहज घेते. तुमच्या डेकमध्ये अर्ध्या काड्या शोभेच्या आहेत. पृष्ठभाग सगळा कशाला झाकायचा? चाकांपुरत्या दोन पट्ट्या ठेवा, मध्ये मोकळं. फक्त तळाला फुलीच्या तिरक्या काड्या काढू नका, त्या गेल्या की डेक पिळवटतो आणि एका बाजूचा दोरा ढिला पडतो.

डेक ४० ग्रॅमवर आला तर सुरुवातीचा ताण ३४ आणि माळ सेंटीमीटरला ०.६७ ग्रॅम. डेकमधले २० वाचवलेत की काउंटरवेटमधले १७ आपोआप वाचतात.

खंदकफिर्या

नगरच्या किल्ल्याचं काय ठरलं?

रेवती_नाशिक

खंदकफिर्यादादा, दरवाजा कागदाचा, ६ ग्रॅममध्ये बसला तर. लेकीने अट घातली आहे.

काल दोरा सैल ठेवून गाडी पार गेली, पूल वर गेला आणि स्वतःहून खाली आला, मोटरचा आवाजही बदलला नाही. सध्या सगळं मिळून १८४ ग्रॅम. आता बांबूच्या काड्यांचा नवा डेक वाळत ठेवलाय, उद्या सकाळपर्यंत काट्यावर ठेवायचा नाही अशी ताकीद आहे. माळेचे नट नव्या अंतरावर बांधायला बाबांना बसवलं आहे. वर्कशॉपवाले दादा, गाठी सरकू नयेत म्हणून वर फेविक्विकचा थेंब दिला तर चालेल ना, की दोरा कडक होऊन कप्पीवर अडेल?

वर्कशॉपवाला

नटांचा भाग कप्पीवर येतच नाही, तो मागे लोंबतो. बिनधास्त द्या. पण अगदी टिपूस. कडक झालेली माळ पाटावर गोळा न होता उभी राहते.